साडेचारशेव्या सभासदापाशी अडकलेली पीडीएफ

मार्च संपला की पतसंस्थांमध्ये एक ठरलेली धांदल सुरू होते. सगळ्या सभासदांचे खातेउतारे काढायचे, शाखांना पाठवायचे, ऑडिटरसाठी एक प्रत ठेवायची. काही वर्षांपूर्वी अशाच एका संस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळत होतो. सभासद ८,४००, प्रत्येकाचा उतारा साधारण दोन पानांचा, म्हणजे सगळी मिळून सोळा-सतरा हजार पानं. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या हिशेबनीस बाईंचा फोन आला. "सर, एकेकाचा उतारा निघतोय. सगळ्यांचा एकदम काढायला गेलं की नुसती पांढरी स्क्रीन येते हो."

सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, एकच ओळ होती: ‘अलाउड मेमरी साइझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड’, म्हणजे दिलेली मेमरी संपली. पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार वर्षं काढलेल्या माणसाला हा आकडा घरच्या फोन नंबरासारखा पाठ असतो. १०२४ गुणिले १०२४ गुणिले १२८. पीएचपी एका प्रोग्रामला मुळात १२८ एमबी मेमरी देते, त्याच्या वर एक बाइट मागितला की कारभार आटोपतो. हेच दुखणं जावा या भाषेत ‘आउट ऑफ मेमरी एरर: जावा हीप स्पेस’ या नावाने येतं, जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये ‘जावास्क्रिप्ट हीप आउट ऑफ मेमरी’ म्हणून येतं, आणि डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम बंदिस्त चालवायच्या डब्यात, तर काही न बोलताच येतं. कंटेनर गुपचूप बंद पडतो आणि मागे १३७ हा आकडा सोडून जातो. त्यातले १२८ वगळले (या १२८ चा मघाच्या एमबीशी संबंध नाही) की ९ उरतात, आणि ९ हा लिनक्समध्ये प्रोग्रामला जागच्या जागी ठार करण्याचा सिग्नल.

बाईंनी पुढे जो प्रश्न विचारला तो मला अजून आवडतो. "मागच्या वर्षी शाखांच्या फाइली हाताने जोडून एक केली होती. ती अख्खी पन्नास एमबीची आहे. मग १२८ पुरायला नकोत का?"

हिशेब बिनचूक होता. पन्नास किलो तांदूळ ठेवायला सव्वाशे किलोची कणगी पुरलीच पाहिजे. मेख अशी की फाइलचं वजन आणि ती फाइल घडवताना लागणाऱ्या मेमरीचं वजन यांचा एकमेकांशी फारच दूरचा संबंध आहे.

मोजून पाहिलं

अंदाज बांधण्याआधी मी एक साधी चाचणी घेतली. आधी १०० सभासदांचे उतारे काढले, मग २००, मग ४००, आणि दर वेळी प्रोग्रामने जास्तीत जास्त किती मेमरी वापरली ते लिहून ठेवलं. पीएचपीत त्यासाठी एक तयार फंक्शन आहे, बाकी भाषांमध्येही असतं. आकडे आले ४१ एमबी, ६६ एमबी आणि ११७ एमबी. साडेचारशेच्या अलीकडेच प्रोग्राम कोसळला.

या तीन आकड्यांत सगळं निदान आहे. दर सभासदामागे पाव एमबी वाढतोय आणि वाढ सरळ रेषेत आहे. म्हणजे पहिल्या सभासदाचा उतारा पूर्ण झाल्यावरही त्याचं काहीतरी मेमरीत बसून आहे, दुसऱ्याचंही, तिसऱ्याचंही. ८,४०० पर्यंत रेषा ओढली तर दोन जीबीच्या थोडं वर जाते. आउटपुट पन्नास एमबी, त्यासाठी लागणार दोन जीबी!

पाव एमबी जातो कुठे? एका उताऱ्यात सरासरी २४ नोंदी, प्रत्येक नोंदीत सहा रकाने: तारीख, व्हाउचर, तपशील, नावे, जमा, शिल्लक. म्हणजे १४४ घरं. पाव एमबीला १४४ ने भागलं तर एका घराला पावणेदोन केबी पडतात. घरात मजकूर काय, तर ‘५,०००.००’. जेमतेम आठ अक्षरं.

ही उधळपट्टी वाटते, पण लायब्ररीच्या, म्हणजे पीडीएफ बनवून देणाऱ्या तयार कोडच्या, जागी बसून पाहा. आपण तिला एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या भाषेतला मजकूर, देतो. ती त्यातल्या प्रत्येक घराची एक वस्तू बनवते. त्या वस्तूला आपला फॉन्ट, अक्षराचा आकार, रंग, चारही बाजूंच्या रेषा, चारही बाजूंचं अंतर, रुंदी, उंची, मजकूर डावीकडे की उजवीकडे, वरच्या ओळीचा पत्ता, एवढं सगळं स्वतःजवळ बाळगावं लागतं. पीएचपीत छोट्यात छोटा अ‍ॅरेसुद्धा काहीशे बाइट खातो. अशा पाच-सहा गोष्टी एकत्र आल्या की पावणेदोन केबी झालेच. उलट तीच ओळ पीडीएफमध्ये जाते तेव्हा तिथे फक्त ‘इथे जा, ही अक्षरं काढ’ एवढा हुकूम उरतो, आणि तोही दाबून भरलेला. रेषा कुणाच्या, रकाना कुठला, तक्ता कुठे सुरू झाला, याचं त्याला सोयरसुतक नसतं. साध्या पीडीएफला तक्ता म्हणजे काय ते मुळी ठाऊकच नसतं.

खिळ्यांचा हिशेब

हे समजावताना मला संगणकापेक्षा जुना छापखाना जवळचा वाटतो. शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे सुट्या अक्षरांनी, जुळणी करायचे तेव्हा चारशे पानांचं पुस्तक छापायला चारशे पानांचे खिळे कुणाकडेच नसत. शिसं महाग, जागा मर्यादित. मग काय करत? सोळा पानांचा एक फर्मा जुळवायचा, छापायचा, आणि खिळे सोडवून परत आपापल्या खणात टाकायचे. तेच ‘क’ आणि तेच काने पुढच्या फर्म्यात पुन्हा कामाला. छापलेले कागद एका बाजूला रचले जात आणि त्यांना खिळ्यांची काही गरज उरत नसे. खिळे म्हणजे मेमरी, छापलेला गठ्ठा म्हणजे डिस्क. गठ्ठा कितीही उंच होवो, खिळे फर्म्यापुरतेच लागतात.

पण यात एक अट होती. छापलेल्या फर्म्याकडे पुन्हा वळून बघायची वेळ यायला नको. जुन्या मराठी पुस्तकांत प्रस्तावनेच्या पानांना ‘एक, दोन, तीन’ असे शब्दांत क्रमांक आणि मूळ मजकुराला १ पासून आकड्यांत क्रमांक का असतात, त्याचं व्यवहारी उत्तर इथे आहे. अनुक्रमणिकेत कोणतं प्रकरण कोणत्या पानावर हे लिहायचं तर आधी सगळं पुस्तक छापून व्हायला हवं. प्रस्तावनाही लेखक शेवटपर्यंत लांबवायचाच. म्हणून ती पानं मागाहून जुळवायची आणि त्यांची मोजणी वेगळी ठेवायची. पुस्तकाचं पहिलं पान सगळ्यात शेवटी छापलं जायचं.

पीडीएफ घडवणाऱ्यांनी जवळपास हीच युक्ती वापरली आहे. अ‍ॅडोबीने १९९३ साली हे स्वरूप आणलं, २००८ पासून ते आयएसओ ३२००० या क्रमांकाचं खुलं मानक आहे. एखादी साधी पीडीएफ मजकूर-संपादकात उघडून बघा. पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह, पीडीएफ ही अक्षरं आणि आवृत्तीचा आकडा दिसेल. पुढे क्रमांक दिलेल्या वस्तू: ही पाचवी वस्तू, ही सहावी, एखादी वस्तू म्हणजे पान, एखादी फॉन्ट, एखादी चित्र. या वस्तू कोणत्याही क्रमाने आल्या तरी चालतं. आणि सगळ्यात शेवटी एक यादी, कितवी वस्तू फाइलच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे याची. यादीतली प्रत्येक नोंद बरोबर २० बाइटची, त्यातले पहिले दहा अंक म्हणजे ठिकाण. त्याखाली ‘स्टार्टएक्सरेफ’ हा शब्द आणि ती यादीच कुठे सुरू होते तो आकडा.

अनुक्रमणिका शेवटी ठेवल्याने काय साधतं ते पाहा. पान तयार झालं, डिस्कवर लिहिलं, ते कुठे लिहिलं तो आकडा वहीत टिपला, आणि पान विसरून गेलं. सतरा हजार पानांना प्रत्येकी दोन वस्तू धरल्या, पान आणि पानावरचा मजकूर, तर ३४,००० नोंदी. प्रत्येकी २० बाइट म्हणजे सात लाख बाइटसुद्धा नाहीत. एवढी मोठी फाइल बनवणाऱ्याला शेवटपर्यंत मनात धरून ठेवायचं ते इतकंच. एखाद्या मजकुराची लांबी आधी माहीत नसेल तर ‘लांबी अमुक क्रमांकाच्या वस्तूत पाहा’ असं लिहून पुढे जायची आणि ती वस्तू मागून लिहायचीही मुभा आहे.

तेव्हा मेमरी पीडीएफ खात नाही. पान हातातून खाली ठेवायला तयार नसलेला प्रोग्राम ती खातो. मग शोधायचं एवढंच की तो कशाची वाट बघत थांबला आहे.

थांबवतं कोण

माझ्या प्रोग्राममध्ये तीन-चार गुन्हेगार सापडले. त्यातला पहिला अगदी गरीब चेहऱ्याचा: रकान्यांची रुंदी. एचटीएमएलच्या तक्त्यात रुंदी दिली नाही तर ती मजकुरावरून ठरते. ‘तपशील’ या रकान्यातली सगळ्यात लांब नोंद कोणती, त्यावर बाकीच्या पाच रकान्यांना किती जागा उरते ते अवलंबून. आणि ती लांब नोंद शेवटच्या पानावर असू शकते. म्हणजे शेवटची ओळ वाचल्याशिवाय पहिल्या ओळीतला पहिला आकडा कुठे बसवायचा ते कळणार नाही. तक्ता दहा ओळींचा असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मी मात्र सगळ्या सभासदांचा मिळून एकच लांबलचक तक्ता केला होता, मध्येमध्ये नावाची ओळ घालून. चूक माझीच. दोन लाख ओळी एकमेकींसाठी ताटकळत उभ्या.

दुसरा गुन्हेगार तळटीपेत होता: ‘पान ३ पैकी १६,७४२’. यातला ३ बिनधोक आहे, तो तिसऱ्या पानावर आल्यावर कळतो. दुसरा आकडा शेवटचं पान झाल्यावरच कळतो, आणि तो हवा असतो पहिल्या पानावर. बऱ्याच लायब्ररी यावर सोपा तोडगा काढतात: पानावर एक खुणेचा शब्द छापायचा, सगळी पानं मेमरीत ठेवायची, शेवटी एकूण संख्या कळली की प्रत्येक पानावर जाऊन खुणेच्या जागी आकडा घालायचा. एफपीडीएफ या लोकप्रिय पीएचपी लायब्ररीत हेच चालतं, आणि पंचवीस पानांच्या बिलाला ते उत्तम आहे.

मी बाईंना विचारलं, हा ‘पैकी’ काढला तर चालेल का? "नाही हो सर. मधलं एखादं पान गळालं तर ऑडिटर साहेबांना कळणार कसं?" बरोबरच होतं. तळटीपेतला एक शब्द सतरा हजार पानांना ओलीस धरत होता, पण तो फुकटचा नव्हता.

तिसरा प्रकार डेटाबेसचा. पीएचपीतून मायएसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारला की नेहमीच्या पद्धतीत सगळं उत्तर आधी आपल्या मेमरीत येऊन पडतं, मग आपण एकेक ओळ वाचल्याचं नाटक करतो. दोन लाख नोंदी अशा येऊन बसतात. सभासदागणिक वेगळा प्रश्न विचारला की हे मिटतं.

चित्रांचं प्रकरण माझ्याकडे फक्त बोधचिन्हापुरतं होतं, पण बहुतेकांना तेच भोवतं म्हणून सांगतो. मोबाइलवर काढलेला फोटो डिस्कवर तीन एमबीचा दिसतो. तो ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचा असेल तर उलगडल्यावर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे तीन कोटी साठ लाख बाइट. १२८ एमबीत असे साडेतीन फोटो मावतात. गंमत अशी की पीडीएफला जेपीईजी आहे तशी, न उलगडता, आत ठेवता येते, त्यामुळे शहाणी लायब्ररी ती उलगडत बसतच नाही. पीएनजी पारदर्शक असेल तर मात्र सुटका नाही. पीडीएफमध्ये रंग आणि पारदर्शकता वेगवेगळ्या वस्तूंत ठेवावी लागते, त्यासाठी चित्र उलगडून दोन भागांत वाटावं लागतं. सहीचा किंवा शिक्क्याचा पारदर्शक पीएनजी प्रत्येक पानावर लावायचा सोस असेल तर त्यामागे आधी पांढरा रंग भरून घ्या. पांढऱ्या कागदावर कुणाला फरक दिसणार आहे?

मर्यादा वाढवली तर

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच मलाही सुचला. सेटिंग उघडायचं, १२८ चे ५१२ करायचे, नाही भागलं तर उणे एक लिहायचं, म्हणजे मर्यादाच नाही. इंटरनेटवर विचारलं की निम्मे लोक हेच सांगतात.

आमचा सर्व्हर चार जीबीचा. त्यावर एका वेळी पीएचपीच्या आठ प्रती चालत, कारण शाखांमधून लोक सतत काम करत असतात. १२८ ची मर्यादा असताना आठही प्रती तुडुंब भरल्या तरी एक जीबी. उणे एक केल्यावर माझी एकटी पीडीएफ दोन जीबी मागणार, आणि घाईत कुणी बटण दोनदा दाबलं तर चार. मेमरी पूर्ण संपली की लिनक्स एक प्रक्रिया निवडून मारतं, आणि निवडताना मुख्यतः कोण जास्त मेमरी धरून बसलंय ते बघतं. बऱ्याच सर्व्हरवर तो मान डेटाबेसचा असतो. पीडीएफ काढायला गेलो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या शाखांचे काउंटर बंद पाडले, असं व्हायला वेळ लागत नाही. १२८ चा आकडा शेजाऱ्यांच्या रक्षणासाठी असतो.

वाढवूच नये असं मात्र नाही. साठ पानांचा वार्षिक अहवाल आहे, त्यात फोटो आहेत, तो १५० एमबी मागतो आणि पुढच्या वर्षीही साधारण तेवढंच मागणार, तर बिनदिक्कत २५६ करा. कमाल कुठे थांबणार ते माहीत आहे ना, मग झालं. सभासदांबरोबर वाढत जाणाऱ्या रेषेला मात्र कोणताही आकडा पुरत नाही. आज पुरला तर पुढच्या मार्चला पुरणार नाही.

जोडायला गेलो आणि फसलो

मग मी प्रत्येक सभासदाची वेगळी पीडीएफ काढून शेवटी सगळ्या जोडायच्या असं ठरवलं. मेमरी एकदम शांत झाली. रात्रभरात ८,४०० फाइली तयार झाल्या, सकाळी जोडल्या, आणि पन्नास एमबीच्या जागी फाइल भरली जवळपास नऊशे एमबी.

कारण मराठी फॉन्ट. पीडीएफ कुठेही सारखी दिसावी म्हणून फॉन्ट फाइलच्या आत घालावा लागतो. सगळा घातला तर जड होतो, म्हणून लायब्ररी त्यातली वापरलेली अक्षरं तेवढी काढून घालते. देवनागरीत ती संख्या मूळाक्षरांपेक्षा पुष्कळ जास्त, कारण ‘क्ष’, ‘श्र’, ‘र्‍या’ यांच्या आकृत्या वेगळ्या असतात. एका सभासदाच्या फाइलमध्ये फॉन्टचा तुकडा साठेक केबी, बोधचिन्ह चाळीस केबी. शंभर केबी गुणिले ८,४००. मूळ मजकूर त्यात बुडून गेला. सारख्या वस्तू ओळखून एकच ठेवणारी जोडणीची साधनं असतात, त्यांनी बोधचिन्ह एक केलं. फॉन्टचे तुकडे मात्र एक होईनात, कारण कदमांच्या फाइलमधली अक्षरं आणि कुलकर्ण्यांच्या फाइलमधली अक्षरं वेगळी. बाइट जुळत नाहीत, म्हणजे साधनाच्या लेखी त्या दोन निराळ्या वस्तू.

उपाय मधला होता. दोनशे-दोनशे सभासदांचे ४२ गठ्ठे केले. दोनशेला ६६ एमबी लागतात हे आधीच मोजलेलं होतं, त्यामुळे १२८ च्या आत आरामात बसलं. ४२ वेळा शंभर केबी म्हणजे चार एमबी, ते कुणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत. पानांचे क्रमांक पुढे चालू ठेवायला आधीच्या गठ्ठ्याचा शेवटचा आकडा पुढच्याला दिला, आणि ‘पैकी’साठी सगळे गठ्ठे दोनदा काढले: पहिल्या फेरीत फक्त पानं मोजली, दुसऱ्या फेरीत एकूण संख्या तयारच होती. जोडणीला क्यूपीडीएफ हे साधन वापरलं. त्या वर्षीचं काम यावर निभावलं, आणि माझं मत विचाराल तर बहुतेकांनी इथेच थांबावं. यापुढचं मी केलं ते थोडं हौसेखातर.

दोन फेऱ्यांची ही कल्पना काही माझी नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली तेव्हा संगणकांची मेमरी आजच्या मानाने चिमूटभर होती. टेक पान पुरं झालं की ते बाहेर टाकतं आणि त्याची जागा मोकळी करतं, अगदी फर्म्यासारखं. त्यावर बेतलेलं लाटेक अनुक्रमणिकेसाठी पानांचे आकडे एका छोट्या फाइलमध्ये टिपून ठेवतं आणि दुसऱ्यांदा चालवल्यावर ते वाचतं. म्हणूनच प्रबंध लिहिणारी मुलं एकच फाइल दोनदा-तीनदा चालवताना दिसतात.

पुढच्या वर्षी

पुढच्या वर्षी तेवढा भाग मी जावात, अपाची फॉप ही पीडीएफ घडवणारी लायब्ररी वापरून पुन्हा लिहिला. फॉपमध्ये मजकूर ‘पेज सीक्वेन्स’ नावाच्या तुकड्यांत द्यायचा असतो. एक तुकडा संपला, त्यातल्या पानांचं कुणाकडे देणं-घेणं उरलं नाही, की पानं फाइलमध्ये लिहून मेमरी मोकळी. मी एका सभासदाला एक तुकडा दिला. रकान्यांची रुंदी मजकुरावरून ठरवण्याची सोय फॉपमध्ये नाहीच, ती आपणच द्यावी लागते. लोक याची तक्रार करतात, मला ते पथ्यावर पडलं. सगळी माहिती एका मोठ्या एक्सएमएल फाइलमध्ये भरून रूपांतराला दिली असती तर ती अख्खी फाइल पुन्हा मेमरीत चढली असती, म्हणून सभासद एकेक करून आत सोडला. एकूण पानांचा आकडा फॉपलाच विचारला तर ते पुढचा संदर्भ सुटेपर्यंत पानं धरून बसतं. इथेही दोन फेऱ्या केल्या. फॉन्टचा तुकडा सगळ्या फाइलला मिळून एकच.

आयटेक्स्टसारख्या लायब्ररीत याहून देखणी युक्ती करता येते. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘पैकी’नंतर एका रिकाम्या वस्तूचा नुसता क्रमांक लिहायचा, पानं एकेक करून डिस्कवर टाकत जायची, आणि शेवटी ती एकच वस्तू लिहायची, तिच्यात १६,७४२. सगळ्या पानांवर आकडा आपोआप उमटतो, कारण ठिकाणांची यादी शेवटी असते आणि तोवर त्या वस्तूचा पत्ता कुणी विचारतच नाही. एकच फेरी, शून्य वाट पाहणं. फक्त आयटेक्स्टचा परवाना एजीपीएल (आपला कोडही खुला करण्याची अट घालणारा) किंवा मग विकत, तो आधी नीट वाचावा. आणि देवनागरीची जोडाक्षरं तिथे नीट जुळतात का ते दोन-चार ‘र्‍हस्व’ आणि ‘कर्ज’ छापून पाहावं. मी फॉपकडे वळलो ते मुख्यतः यासाठीच.

जावाला मुद्दाम २५६ एमबीच दिले, आणि काम वेबच्या बटणावरून काढून रात्री दोनला चालणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवलं. पुन्हा तीच मोजणी केली. १०० सभासद, ४०० सभासद, ८,४०० सभासद. या वेळी रेषा जवळजवळ आडवी होती.

एवढी मोठी एकच फाइल खरंच हवी का, हे मात्र मी आधी विचारायला हवं होतं. आपल्या मतदारयाद्या बघा. २०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात ९.७ कोटींच्या आसपास मतदार होते. यादीच्या एका पानावर तीस नावं मावतात, म्हणजे तीस लाखांहून जास्त पानं. ती कुणी एका फाइलमध्ये कोंबत नाही. यादी भागांमध्ये विभागलेली असते आणि प्रत्येक भागाची स्वतंत्र पीडीएफ, कारण मतदान केंद्रावरच्या माणसाला त्याच्या भागापलीकडे काही नको असतं. शिवाय जुन्या धाटणीच्या पीडीएफला स्वतःच्याही मर्यादा आहेत: यादीतलं ठिकाण दहा अंकांचं, म्हणजे फाइल दहा अब्ज बाइटच्या पुढे जाऊ शकत नाही.

आमच्या शाखांनाही त्यांचेच उतारे लागत होते, तेव्हा ते शाखेगणिक वेगळे निघू लागले. एकच मोठी फाइल लागायची ती ऑडिटरना. मी एकदा त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. दोन जीबी मेमरीचा थकलेला लॅपटॉप, पेनड्राइव्ह, त्यावर ती सतरा हजार पानांची पीडीएफ. मला वाटलं, आता लॅपटॉप मान टाकणार. त्यांनी फाइल उघडली, पानाच्या चौकटीत ९३१२ लिहून एंटर मारलं, आणि पान लगेच समोर आलं. वाचणारा प्रोग्रामही आधी फाइलच्या शेवटी जातो, यादीत पानाचा पत्ता बघतो आणि तेवढंच पान उचलतो. मधल्या नऊ हजार पानांना त्याने हातही लावला नव्हता. साहेबांनी पेन्सिलीने वहीत खूण केली आणि पुढचा आकडा टाकला.